वितरण यादीत आमच्या शाळेपुढे लिहिलेले शून्य

मी आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिण्याचे काम करते. ऑगस्ट २०२४ मध्ये गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडली गेली, तेव्हा माझी मुलगी चौथीत होती आणि पालकांनी अध्यक्षपद माझ्याकडे दिले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, एवढीच माहिती त्या वेळी मला होती. पोषण आहाराच्या हिशेबावर लक्ष ठेवणे हेही समितीचे काम आहे, हे मला डिसेंबरात कळले, आणि तेही एका उधारीच्या वहीमुळे.

डिसेंबरच्या मासिक सभेत मुख्याध्यापिका बाईंनी इतर विषय संपल्यावर पिशवीतून एक वही काढली. गावातील किराणा व भाजीच्या दुकानाची ती वही होती आणि तिच्यावर शाळेचे नाव होते. जुलैपासूनच्या तारखा, कांदे, बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी आणि अधूनमधून गॅसची टाकी, असे सगळे दुकानदाराच्या अक्षरात लिहिलेले होते आणि मधल्या काही पानांवर बाईंनी स्वतःच्या पगारातून भरलेल्या रकमा वजा केलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "जून महिन्याचे इंधन-भाजीपाल्याचे पैसे आले. जुलैपासून एक रुपया आलेला नाही. मी मागते, तर वरून निधी आला नाही म्हणतात." सहा महिन्यांचे मिळून साडेबारा हजारांच्या आत-बाहेर येणे होते. सरकारच्या हिशेबात ही रक्कम कोठेही दिसणार नाही इतकी लहान आहे, परंतु आमच्या बावन्न मुलांच्या शाळेत तिचा अर्थ रोजच्या पातेल्यात दिसत होता.

तो अर्थ मी दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. सकाळचे दूध संकलन आटोपून मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेले, तेव्हा स्वयंपाकीण काकू खिचडीला फोडणी देत होत्या. तेलात मोहरी, जिरे आणि भरपूर हळद पडली, एक कांदा चिरून पडला, आणि त्यावर थेट डाळ-तांदूळ पडले. मी भाजीचे विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, "ताई, भाजी नसली की हळद जरा जास्त घालते. रंग आला की पोरं खातात." त्यानंतर कितीतरी दिवस ती पिवळीधमक खिचडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. याच काकूंना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे, तेही वर्षातील दहाच महिने; त्यातील केंद्र सरकारचा वाटा ६०० रुपयांचा आहे, कारण केंद्राने २००९ साली ठरवलेले हजार रुपयांचे मूळ मानधन आजवर वाढवलेले नाही, आणि उरलेले सर्व राज्य देते. डिसेंबरात त्यांचेही तीन महिन्यांचे मानधन थकलेले होते. तरीही काकू आणि त्यांच्या सोबतच्या मदतनीस बाई एकही दिवस गैरहजर राहिल्या नव्हत्या.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा पैसा कसा येतो, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मलाही ते समजून घ्यायला तीन आठवडे लागले. शिजवलेले अन्न देणे ही सरकारची मर्जी राहिलेली नाही. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ते मुलांच्या हक्कात आणून ठेवले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. तांदूळ केंद्राकडून भारतीय अन्न महामंडळामार्फत येतो. शिजवण्यासाठी लागणाऱ्या इतर साहित्याचा दर १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ५ रुपये ४५ पैसे होता, तो १ डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे झाला आणि १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. त्यातील ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे असतात.

आपल्या राज्यात ग्रामीण भागातील शाळांना हे सगळे पैसे हातात मिळत नाहीत. डाळी, कडधान्ये, तेल, मीठ, मसाला हा धान्यादी माल निविदेने नेमलेला पुरवठादार शाळेत आणून देतो आणि त्याचे पैसे परस्पर त्याला दिले जातात. शाळेच्या वाट्याला फक्त इंधन आणि भाजीपाल्याची रक्कम येते, जी त्या काळात मुलामागे दिवसाला दोन रुपयांच्या आसपास होती. मी दुधाच्या हिशेबाप्रमाणे हा हिशेबही मांडून पाहिला. रोज सरासरी सेहेचाळीस मुले जेवतात, म्हणजे दिवसाला पंचाण्णव रुपयांच्या आसपास मिळणार. आठशे रुपयांवर गेलेली टाकी आमच्याकडे सोळा-सतरा दिवस जाते, म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये गॅसचेच झाले. उरलेल्या पंचेचाळीस रुपयांत सेहेचाळीस मुलांसाठी, प्रत्येकी ५० ग्रॅमप्रमाणे, दोन किलो तीनशे ग्रॅम भाजी रोज आणायची. म्हणजे भाजी वर्षभर वीस रुपये किलोच्या आत मिळाली पाहिजे. पावसाळ्यात टोमॅटो साठ-सत्तरच्या पुढे जातो, हे ज्याने बाजारहाट केला आहे त्याला सांगावे लागत नाही. निधी वेळेवर आला तरी जेथे ओढाताण होते, तेथे तो सहा महिने आलाच नाही तर काय होईल, याचे उत्तर काकूंच्या हळदीत होते.

प्रथम मी रीतसर विचारणा केली. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी सांगितले की पंचायत समितीकडून आलेले नाही. पंचायत समितीत सांगितले की जिल्ह्याकडून आलेले नाही. आणि जिल्ह्यातील एका कर्मचाऱ्याने फोनवर सांगितले की राज्याकडून जेवढे आले तेवढे सर्व वितरित झालेले आहे. ही तीन उत्तरे एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. संकलन केंद्रावर एखाद्या गवळ्याचे दूध टँकरमध्ये गेले आणि त्याच्या खात्यावर जमा झाले नाही, तर आम्ही संध्याकाळपर्यंत शोधून काढतो की लीटर कुठे अडकले. तसेच हेही शोधता येईल, असे मला वाटले आणि जानेवारी २०२५ च्या मध्यावर मी माहितीचा अधिकार वापरण्याचे ठरवले.

माझा पहिला अर्ज चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे सांगितल्याने दुसऱ्या कोणाचा महिना वाचू शकेल, म्हणून सांगते. मी त्यात लिहिले होते की आमच्या शाळेला सहा महिने पैसे का मिळाले नाहीत, याला जबाबदार कोण आणि पैसे कधी मिळतील. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावले, पोच घेतली आणि तीस दिवस वाट पाहिली. फेब्रुवारीच्या मध्यास एका ओळीचे उत्तर आले: "प्राप्त निधी शाळांना वितरित करण्यात आलेला आहे." या कायद्याने कार्यालयाकडे असलेली कागदपत्रे मागता येतात, कारणे आणि आश्वासने मागता येत नाहीत. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे प्रत्येक शब्द कागदाच्या नावासाठी वापरायला हवा होता.

दुसरा अर्ज लिहिण्यापूर्वी कोणते कागद अस्तित्वात असतात, हे मी बाईंकडून आणि एका निवृत्त केंद्रप्रमुखांकडून समजून घेतले. शाळा रोज ऑनलाइन प्रणालीवर जेवणाऱ्या मुलांची संख्या भरते. त्या संख्येवरून महिन्याचे देयक तयार होते. दरवर्षी राज्य आपली वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक केंद्राकडे पाठवते, तेथील मंजुरी मंडळाच्या बैठकीत मुलांची संख्या, दिवस आणि रक्कम ठरते, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त सर्वांना पाहता येते. मंजूर रकमेतील केंद्राचा वाटा राज्याच्या कोषागारात येतो, राज्य आपला वाटा घालते, आणि २०२१ पासून ही सर्व रक्कम राज्यस्तरावरील एकाच खात्यात ठेवली जाऊ लागली. जिल्हे आणि तालुके त्या खात्यातून आपल्या मर्यादेपुरते पैसे काढत. पूर्वीसारखे प्रत्येक पायरीवरच्या खात्यात पैसे साचून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला योग्य वाटतो. म्हणून मी तालुका कार्यालयाकडे तीन कागद मागितले: जुलै ते डिसेंबर २०२४ या काळातील इंधन व भाजीपाला निधीचे शाळानिहाय वितरण आदेश, आमच्या शाळेची मासिक देयके, आणि त्या निधीचे तालुक्याने जिल्ह्याला दिलेले उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे किती पैसे आले आणि किती खर्च झाले याचा दाखला. उत्तर मुदतीत आले नाही. मी वीस रुपयांचे स्टँप लावून प्रथम अपील केले.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२३ पासून राज्याने आठवड्यातून एकदा मुलांना अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यासाठी अंड्यामागे पाच रुपये धरले होते. जून २०२४ मध्ये नव्या पाककृती आल्या, तीन संरचित आहार, म्हणजे एका जेवणात तीन प्रकारचे पदार्थ, आला, मोड आलेली कडधान्ये आणि नाचणी सत्त्व आले, तांदळाची खीर आली. फळ्यावर वार आणि पदार्थ लिहिताना मुले मोठ्याने वाचत असत. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्यांसाठी आणि साखरेसाठी वेगळा निधी देणे थांबले, पाककृती दहावर आल्या, आणि अंडे किंवा गोड पदार्थ द्यायचा असेल तर लोकसहभागातून द्यावा असे सांगण्यात आले. हा निर्णय मला मनापासून चुकीचा वाटतो. ज्या गावात लोकसहभाग उभा राहू शकतो, त्या गावातील मुलांच्या घरी अंडे बहुधा असते. आणि ज्या वाडीवर मुलाला आठवड्याचे एकमेव अंडे शाळेतच मिळत होते, तेथे वर्गणी कोणी द्यायची? आमच्या समितीने फेब्रुवारीपासून संकलन केंद्रावर येणाऱ्या शेतकऱ्यांना विनंती केली आणि पंधरा दिवसांतून एकदा अंडी देणे चालू ठेवले. ते आम्हाला जमले म्हणून सर्वांना जमावे, अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही.

धान्यादी मालाचेही थोडक्यात सांगते. मार्चमध्ये पुरवठादाराची गाडी आली, तेव्हा मी संकलन केंद्रावरील वजनकाटा शाळेत आणवला. पन्नास किलो लिहिलेल्या तांदळाच्या पाच पोत्यांपैकी तीन पोती बारदानासह धरूनही अठ्ठेचाळीस किलोच्या आत भरली. चालक म्हणाला, "कुणीच मोजत नाही, ताई." बाईंनी पोच पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहून सही केली आणि त्यानंतरच्या प्रत्येक गाडीला काट्यावर मोजूनच माल उतरवून घेतला. पुढची पोती बरोबर भरली. सहा-सात किलो तांदूळ म्हणजे आमच्या शाळेचा दीड दिवस असतो.

प्रथम अपिलाची सुनावणी एप्रिलमध्ये झाली. मला भीती वाटत होती, हे मान्य करते. घरच्यांनीही विचारले होते की बाईंच्या नोकरीला याचा त्रास होणार नाही ना. सुनावणी अवघी दहा मिनिटे चालली. अपिलीय अधिकारी साहेबांनी अर्ज वाचला, कागद अस्तित्वात आहेत का एवढेच विचारले, आणि मुदत उलटून गेल्यामुळे विनाशुल्क प्रती द्याव्यात आणि अर्जदाराला अभिलेख पाहू द्यावेत, असा आदेश दिला. मे महिन्यातील एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी कार्यालयात अभिलेख पाहायला बसले.

लिपिक भाऊसाहेबांनी तीन संचिका काढून ठेवल्या. त्यांच्याकडे दीडशेहून अधिक शाळांचे काम होते आणि टेबलावर दुसऱ्या तीन योजनांचे कागद होते. मी माझी नेहमीची आडव्या रेघांची वही उघडली आणि प्रथम राज्याकडून जिल्ह्याला, मग जिल्ह्याकडून तालुक्याला कोणत्या तारखेला किती रक्कम आली हे उतरवून घेतले. निधी आला नाही, हे उत्तर डिसेंबरपुरते अर्धे खरे होते: जुलै ते सप्टेंबरची रक्कम नोव्हेंबरच्या अखेरीस आली होती आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची फेब्रुवारीत. म्हणजे राज्याने चार-पाच महिन्यांपर्यंत उशीर केला होता आणि त्या उशिराचे ओझे तालुक्यातील प्रत्येक मुख्याध्यापकाने उधारीवर वाहिले होते. परंतु आमच्या शाळेचे त्याहून निराळे होते.

पहिल्या वितरण यादीत आमची शाळा एकशे बाराव्या क्रमांकावर होती. शाळेचे नाव बरोबर, सांकेतांक बरोबर, आणि लाभार्थी संख्येच्या रकान्यात शून्य होते. जुलै शून्य, ऑगस्ट शून्य, सप्टेंबर शून्य. त्या तीन महिन्यांत बहात्तर दिवस आमच्या शाळेत चूल पेटली होती. हजेरीपट, साठा नोंदवही आणि शिक्षक व पालक रोज चव घेऊन सही करतात ती चव नोंदवही, या तिन्ही ठिकाणी त्याची नोंद होती. मला एकदम आठवले की पावसाळ्यात मनोरा बंद पडल्याने आमच्या गावात कित्येक आठवडे नेटवर्क नव्हते आणि बाई रोजची संख्या कागदावर लिहून केंद्रप्रमुखांकडे पाठवत होत्या. तो कागद कोणीही प्रणालीवर भरला नाही, आणि मागील तारखांची माहिती भरण्याची मुदत उलटून गेली. प्रणालीच्या दृष्टीने त्या तीन महिन्यांत आमच्या शाळेत एकही मूल जेवले नव्हते. ती तीन शून्ये पाहताना माझ्या मुलीचा त्या वेळचा चेहरा, पावसात भिजून शाळेतून येऊन "आज आमटी-भात होता" असे सांगणारा, डोळ्यांपुढे आला आणि मला काही वेळ पुढचे पान उलटता आले नाही.

दुसऱ्या यादीत ऑक्टोबर ते डिसेंबरची संख्या होती, देयक होते, साडेपाच हजारांच्या आसपासची रक्कमही होती. मग पैसे कुठे गेले? भाऊसाहेबांनी स्वतःहून चौथी संचिका आणली. तिच्यात बँकेकडून परत आलेल्या व्यवहारांची यादी होती आणि तिच्यात आमची शाळा होती. सप्टेंबरात खाते क्रमांकांची नवी यादी टंकित करताना आमच्या क्रमांकातील ७१ च्या जागी १७ पडले होते. दुधाच्या वहीत हीच चूक मी आठवड्यातून एकदा तरी पकडते. आमच्याबरोबर आणखी आठ शाळा त्या यादीत होत्या आणि त्यांपैकी एकीलाही कोणी कळवलेले नव्हते.

त्यानंतर मी उपयोगिता प्रमाणपत्र मागितले. ३१ मार्च २०२५ ची तारीख होती. तालुक्याला प्राप्त निधी, खर्च झालेला निधी, शिल्लक, असे तीन रकाने होते. पहिल्या दोन रकान्यांतील आकडे पैशापर्यंत सारखे होते आणि शिल्लक निरंक होती. मी विचारले, "भाऊसाहेब, या नऊ शाळांचे परत आलेले पैसे या कागदावर कुठे आहेत?" त्यांनी शांतपणे सांगितले, "ताई, आमच्याकडून आदेश निघाला की आमच्या लेखी तो खर्च. परत आलेले वरच्या खात्यात जातात." ते काही लपवत नव्हते, त्यांना शिकवले गेले तेच त्यांनी सांगितले होते. याच कागदाच्या आधारे जिल्हा आपले प्रमाणपत्र करतो, जिल्ह्यांच्या आधारे राज्य करते, आणि राज्याच्या आधारे केंद्र पुढचा हप्ता सोडते. आमच्या गावच्या न आलेल्या भाजीचे पैसे त्या सर्व कागदांवर खर्च झालेले होते. निधी वितरित होणे आणि निधी खर्च होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेने पैसे मिळाल्याची सही केल्याशिवाय दुसरा शब्द वापरू दिला जाऊ नये, असे माझे ठाम मत त्या दिवशी झाले. संकलन केंद्रावर टँकर गेला म्हणून शेतकऱ्याचे पैसे दिले गेले असे आम्ही लिहीत नाही. त्याच्या खात्यावर जमा झाल्याची नोंद आल्यावरच ती ओळ पूर्ण होते.

पुढचे काम कागदोपत्री होते. बाईंनी रद्द केलेला धनादेश आणि पासबुकाची प्रत जोडून खाते क्रमांक दुरुस्तीचा अर्ज दिला. मी इतर आठ शाळांच्या समित्यांना यादीची प्रत पोहोचवली; त्यांपैकी दोन शाळांनी आपल्याला काहीच थकलेले नाही असे आधी सांगितले होते, कारण तेथील मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून भरून विषय मिटवला होता. जुलै ते सप्टेंबरसाठी आम्ही बहात्तर दिवसांच्या चव नोंदवहीच्या आणि साठा नोंदवहीच्या साक्षांकित प्रती जोडून जिल्ह्याकडे विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठवला. त्यात २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांचा आधार घेतला. त्या नियमांप्रमाणे पैसे किंवा धान्य तात्पुरते उपलब्ध नसेल तर शाळेतील कोणताही निधी आहारासाठी वापरण्याची मुभा मुख्याध्यापकाला आहे, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार दिला गेला नाही तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. बाईंनी एकही दिवस आहार बंद पडू दिला नव्हता. आहार बंद पडला असता तर चौकशी झाली असती. तो चालू ठेवल्यामुळे मात्र त्यांचे पैसे कोणाला दिसत नव्हते, ही गोष्ट मी प्रस्तावात स्पष्ट शब्दांत लिहिली.

ऑक्टोबर ते डिसेंबरची रक्कम जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या खात्यावर जमा झाली. काकूंचे थकलेले मानधन त्यापूर्वीच, दोन हप्त्यांत, मिळाले होते. शाळेची रक्कम आली त्याच दिवशी बाईंनी दुकानात जाऊन त्या तीन महिन्यांची पाने चुकती केली आणि दुकानदाराने प्रत्येक पानावर तारीख घालून सही केली. खाते क्रमांकाच्या यादीची प्रत आता दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक शाळेला पडताळणीसाठी पाठवली जाते. हा बदल कार्यालयाने आपणहून केला आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. नेटवर्क नसेल तेव्हा बाई संख्या कागदावर लिहून केंद्रप्रमुखांची सही घेतात आणि एक प्रत समितीकडे देतात.

जुलै ते सप्टेंबरच्या सहा हजार नऊशे रुपयांच्या प्रस्तावाचे काय झाले, हे मात्र कळलेले नाही. त्या प्रस्तावावरील टिपण्या मी वेगळ्या अर्जाने मागितल्या, उत्तर आले नाही, प्रथम अपिलातही काही हाती लागले नाही, म्हणून नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील केले आहे. माझी मुलगी पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेल्याने माझे अध्यक्षपद जूनमध्येच संपले. दुसरीतील एका मुलाची आई आता अध्यक्ष आहे. तिला मी कागदांची पूर्ण संचिका, वजनकाट्याची किल्ली आणि चव नोंदवहीच्या प्रती दिल्या आहेत. दुसरे अपील माझ्या नावाने असल्यामुळे त्याच्या तारखेला मीच जाणार आहे, आणि बाईंनी ती वही, जुलै ते सप्टेंबरची पाने सहीविना सोडून, माझ्याकडे ठेवायला दिली आहे.